बिटाचं गणगोत

भवानी पेठेत भाजी घ्यायला उभं राहिलं की चार भाषा कानावरून जातात. घोंगडे वस्तीकडून आलेली बाई गाडीवाल्याशी तेलुगूत बोलते, शेजारचे आजोबा कन्नडात भाव पाडतात, पलीकडे दखनी चालू असते आणि पैशांचा हिशेब बहुतेक वेळा मराठीत होतो. सोलापूरच्या या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या नांदल्या, कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे एका गाडीवर एका कांद्याला चार नावं मिळतात. मराठी कांदा, तेलुगू उल्लिगड्ड, उत्तर कर्नाटकातलं उळ्ळागड्डी आणि दखनी प्याज. बटाट्याचंही तेच: मराठीत बटाटा, तेलंगणाच्या तेलुगूत आलुगड्ड, कन्नडात आलूगड्डे. पालक तेलुगूत पालकूर होतो.

त्याच गाडीच्या कोपऱ्यात मातीने माखलेला, शेपूट असलेला, काळपट लाल गोळा पडलेला असतो. तो उचलला की चारही भाषांचं एकमत होतं. बीट. फार तर बीटरूट. एखादे वयस्कर मुसलमान गृहस्थ चुकंदर म्हणतील, तेवढाच काय तो अपवाद.

भाषांचं असं एकमत झालं की शब्दाकडे जरा संशयाने पाहावं. जुन्या वस्तूला प्रत्येक भाषा आपापलं नाव देते आणि त्यावर भांडतेही. सगळ्यांकडे एकच नाव असेल तर वस्तू उशिरा आलेली असते आणि येताना नाव बरोबर घेऊन आलेली असते. बीट तसं आलं, इंग्रजांबरोबर. पोर्तुगीजांनी आपल्याला बटाटा दिला, कोबी दिला, अननस, पेरू, काजू दिले. त्यांचा बिटाचा शब्द आहे ‘बेतेर्राबा’. तो मराठीत शिरलाच नाही. गोव्याच्या बाजारातही बीटच विकतात.

उशिरा आल्याचा आणखी एक पुरावा म्हणजे बिटाला म्हण नाही. गाजराची पुंगी आहे, गाजरपारखी आहे, आवळा देऊन कोहळा काढता येतो, कारलं साखरेत घोळलं तरी कडूच राहतं. बिटाच्या वाट्याला मराठीत फक्त रंग आला. गाल बिटासारखे लाल झाले, संपलं.

तरी हा पाहुणा मराठीत किती मुरला, हे मोजायला एक साधं माप आहे. सामान्यरूप. परका शब्द मराठीत आला की काही काळ सोवळ्यात राहतो. त्याला विभक्तीचा प्रत्यय लागतो, पण अंग बदलत नाही: टीमचा, बसची, फ्लॉवरची. आपला झालेला शब्द प्रत्यय लागताच वाकतो. तीळ तिळाचा होतो, वीट विटेची होते, फूल फुलाचं होतं. उपान्त्य ई आणि ऊ दीर्घ असतील तर सामान्यरूपात ऱ्हस्व होतात, हा शाळेत पाठ केलेला नियम. अरबीतून आलेला वकील या नियमाने वकिलाला झाला, गरीब गरिबाला झाला. या रांगेत बीटही उभं आहे. बिटाची कोशिंबीर, बिटाचा हलवा, बिटाचे पराठे. आजीच्या तोंडी ‘बीटची कोशिंबीर’ येत नाही. ते हॉटेलच्या मेन्यूकार्डावर येतं. छापील मजकुरात कधी ‘बीटाची’ असंही दिसतं. शरीर-शरीराचे या धर्तीवर दीर्घ राहण्याची मुभा फक्त संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना आहे. ‘बीटाची’ लिहिणारे नकळत बिटाला तत्सम करून टाकतात. एवढा मान त्याला नको, बिटाची पुरे.

मराठीने परकी भाजी घेताना तिच्या नावाचं देठ-शेंडं कसं खुडलं, हेही मजेचं आहे. ‘बीटरूट’मधलं रूट गळालं, डोकं राहिलं. ‘कॉलीफ्लॉवर’चं उलटं झालं: कॉली गळाली, फ्लॉवर उरला. वास्तविक भाजीचं नाव त्या गळालेल्या ‘कॉली’तच होतं. लॅटिनमध्ये ‘काउलिस’ म्हणजे देठ, कोबीची जात. त्याचं पोर्तुगीजात ‘कोउव्ह’ झालं, त्यावरून आपला कोबी. डच भाषेत ‘कोल’ झालं. डचांची ‘क्नोल-कोल’, म्हणजे गड्ड्याची कोबी, इंग्रजांच्या कोठारातून मराठी स्वयंपाकघरात आली तेव्हा त्या ‘क्नोल’चं काय करावं हे कुणाला कळेना. म्हणून त्यात मराठी ‘नवल’ बसवून टाकलं. नवलकोल! पानं जमिनीवर आणि गड्डाही जमिनीवर, म्हणजे नवलच की. लोकव्युत्पत्ती म्हणतात ती ही. कोबी, नवलकोल आणि फ्लॉवर ही एकाच आजीची नातवंडं, पण मराठीत एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

आता गड्ड्याकडे वळू, कारण सोलापुरात गड्डा टाळून पुढे जाता येत नाही. कोबीचा गड्डा, लसणाचा गड्डा, सुरणाचा गड्डा. मराठीत हा शब्द इतका घरचा वाटतो की त्याचं माहेर विचारावंसं वाटत नाही. पण वर उल्लिगड्ड, उळ्ळागड्डी, आलुगड्ड अशी रांग पाहिलीत, त्यात माहेर दिसतं. कन्नड ‘गड्डे’ आणि तेलुगू ‘गड्ड’ म्हणजे कंद, गोळा, ढेकूळ. द्राविडी घरातून हा शब्द मराठीत आला आणि मराठीने त्याला आकारान्त पुल्लिंगी करून घेतलं. (संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, तिच्या नावातल्या गड्ड्याची कथा वेगळी आहे, तिच्यात इथे शिरत नाही.) म्हणजे भवानी पेठेतली बाई ‘बिटाचे दोन गड्डे द्या’ म्हणते तेव्हा पहिला शब्द लॅटिन घराण्यातला, तिसरा द्राविडी, मधला ‘दोन’ संस्कृत-प्राकृताचा. व्याकरण मराठीचं.

याच चालीची दुसरी जोडी म्हणजे बिटाची पचडी. कोशिंबीर म्हणा किंवा पचडी म्हणा, पण मुळ्याची, बिटाची कच्ची, बारीक चिरलेली, दाण्याचं कूट घातलेली ती पचडी. तेलुगूत ‘पच्चि’ म्हणजे हिरवं, कच्चं. ‘पच्चडि’ हा त्याच कुळातला. शिजवलं की पचडी राहत नाही, हे मराठी गृहिणीला कोश न पाहता माहीत आहे.

चुकंदर हा वेगळा प्रवासी. तो फारसी. इराणात ‘चोगुंदर’, तिथून अरबांकडे जाऊन ‘शमंदर’ आणि ‘शवंदर’ झाला, पूर्वेला हिंदुस्थानात येऊन चुकंदर. हिंदी-उर्दूने तो ठेवून घेतला. मराठीच्या कानाला त्यात चुका ऐकू येतो आणि चुक्याची भाजी व चुकंदर भावंडं असतील अशी शंका येते. तसं काही नाही. चुका हा संस्कृत ‘चुक्र’वरून आला, आणि चुक्र म्हणजे आंबट. बीट गोड, चुका आंबट, दोघांची कुळंही वेगळी. हिंदीने बीट हा शब्द भाजीसाठी न घेता चुकंदरच का धरून ठेवला याला एक कारण मला पटतं, अर्थात ते सिद्ध करता येणार नाही. हिंदीत ‘बीट’ म्हणजे पाखरांची शीट, संस्कृत ‘विष्ठा’च्या घरातली. असल्या शब्दाची कोशिंबीर कोण वाढेल?

मराठीत ती अडचण नाही, पण गर्दी आहेच. चौकीवर बीट अंमलदार असतो, जंगलात बीट गार्ड असतो, वार्ताहराला महापालिकेचं बीट मिळतं. हे सगळे इंग्रजी ‘बीट’चे, गस्तीच्या फेरीचे. हिंगोलीकडे हळदीचं बीट होतं, म्हणजे लिलाव. तिथे इंग्रजी ‘बिड’ डोकावतो. मराठी लिपीत हे सारे एकसारखेच दिसतात. संदर्भाने भाजी कोणती आणि हवालदार कोणता ते कळतं, आजवर कुणाची फसगत झाल्याचं ऐकिवात नाही.

इंग्रजांनी ‘बीट’ आणला तो लॅटिन ‘बेता’वरून. इंग्रजी भाषा वयात येण्याच्या आधीच, रोमनांच्या संसर्गातून हा शब्द उत्तरेकडच्या टोळ्यांनी उचलला होता. ‘बेता’ लॅटिनमध्ये कुठून आला हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. ग्रीक अक्षर बीटाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह रोमनांनाही होत होता. पहिल्या शतकातला शेतीवरचा लेखक कोलुमेला याने बागेवरच्या आपल्या पद्यात या अक्षराचा श्लेष केला आहे. श्लेष छान, व्युत्पत्ती फोल. कारण ग्रीक लोक स्वतः बिटाला अक्षराच्या नावाने हाक मारत नसत. त्यांचा शब्द ‘तेउत्लोन’ किंवा ‘सेउत्लोन’. या दुसऱ्या रूपाचा वंश रशियात पोचला आणि ‘स्व्योक्ला’ झाला. आज रशियन माणूस बीट मागताना नकळत ग्रीक बोलतो.

रोमनांच्या बिटाबद्दल एक नोंद मात्र ठेवायलाच हवी. सुएटोनियसने सम्राट ऑगस्टसचं चरित्र लिहिलं, त्यात सम्राटाच्या घरगुती बोलीचे नमुने दिले आहेत. ऑगस्टसने ‘बेतिझारे’ असं एक क्रियापद पाडलं होतं, म्हणजे बीट होणं, गळून जाणं, मरगळणं. तोफेच्या गोळ्यासारखं कडक बीट बघणाऱ्याला हे उलटं वाटेल. पण रोमनांच्या ताटात बीट म्हणजे पानं, मऊ उकडलेली भाजी. त्या काळी गड्ड्याला आजची जाडी आलेलीच नव्हती. भूमध्य समुद्राच्या आणि अटलांटिकच्या किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात वाढणारा रानबीट हा या सगळ्यांचा पूर्वज. त्याला मांसल मूळ नव्हतं, पानंच होती. गोल, लाल, मांसल गड्डा ही युरोपातल्या माळ्यांनी अनेक पिढ्या निवड करत घडवलेली गोष्ट आहे. फ्रेंचांना त्यासाठी नवा शब्द बनवावा लागला: ‘बेत’ला ‘राव’, म्हणजे सलगम जोडून ‘बेतराव’.

गुरांसाठी वाढवलेल्या बिटाच्या नावाची तर जर्मनीत पार गल्लत झाली. तिथे पानांच्या बिटाला ‘मांगोल्ड’ म्हणतात, म्हणून मोठ्या मुळाच्या बिटाला ‘मांगोल्ड-वुर्झेल’, मांगोल्डचं मूळ. बोलता बोलता त्याचं ‘मांगेल-वुर्झेल’ झालं. जर्मन ‘मांगेल’ म्हणजे तुटवडा. झालं! दुष्काळात तारणारं मूळ असा अर्थ फ्रेंचांनी धरला आणि तसंच भाषांतर केलं. १७८७ मध्ये लंडनच्या जॉन लेटसम नावाच्या वैद्याने याच ‘तुटवड्याच्या मुळा’वर इंग्रजीत पुस्तिका काढली आणि गरिबांची भूक या मुळाने भागेल अशी आशा पसरवली. उच्चाराच्या एका घसरणीतून गुरांचा चारा भुकेचं औषध ठरला. नवलकोलच्या ‘नवल’हून हे नवल मोठं आहे.

इथवर बीट परकंच राहिलं. आता जे सांगायचं आहे ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला आहे, पालकाच्या जुडीपाशी.

आपला पालक म्हणजे इंग्रजीतला स्पिनॅच, असं शाळेपासून शिकवलं जातं आणि कार्टूनमधला पोपाय त्यावर शिक्का मारतो. इंग्रजी स्पिनॅच वनस्पतिशास्त्रात ‘स्पिनॅशिया ओलेरॅशिया’. तो इराणातला, नावही फारसी ‘अस्पनाख’वरून अरबी-स्पॅनिश वाटेने इंग्रजीत गेलेलं. पण महाराष्ट्रात गल्लोगल्ली विकला जाणारा, मोठ्या, जाडसर, गुळगुळीत पानांचा देशी पालक बहुतांशी ‘बीटा व्हल्गॅरिस’ आहे. तो बीटच आहे, फक्त गड्डा न धरणारा, पानांचा. आपल्या शेतकी पुस्तकांत त्याचा उपप्रकार ‘बेंगालेन्सिस’ म्हणून नोंदलेला असतो. ‘बीटा बेंगालेन्सिस’ हे नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिलं. शेतकी महाविद्यालयातले लोक या पालकाला इंग्रजीत ‘बीट लीफ’ म्हणतात आणि खऱ्या स्पिनॅचला ‘विलायती पालक’.

म्हणजे आपण ज्याला विलायती समजतो ते बीट आणि ज्याला देशी समजतो तो पालक हे एकाच जातीचे. खातरजमा करायची असेल तर बी-बियाण्याच्या दुकानात जा. देशी पालकाचं बी म्हणजे खरखरीत, वेडावाकडा गोळा. त्यात दोन-तीन बियांचे कोष चिकटलेले असतात आणि एका गोळ्यातून दोन-तीन रोपं उगवतात. बिटाचं बीही हुबेहूब तसंच. विलायती पालकाचं बी सुटं. शिवाय विलायती पालकात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बिटाच्या आणि देशी पालकाच्या फुलात दोन्ही एकत्र. आणि एकमेकांशी संकर होतो का, ही तर सोयरिकीची शेवटची कसोटी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा पालक’ या वाणाचा एक पालक (इथे आईबाप या अर्थी, शब्दानेच डाव साधला) स्विस चार्ड आहे आणि दुसरा स्थानिक पालक. ‘पुसा हरित’ हा वाण तर शुगरबीट आणि स्थानिक पालक यांच्या संकरातून आला. मॉलमध्ये लाल-पिवळ्या देठांचा स्विस चार्ड महागडी पारदर्शक पिशवी घालून बसलेला असतो. तोही बीट. दुपटी-चौपटीने पैसे मोजून आपण पालकाच्या चुलतभावाला घरी आणतो.

आणि नाव? संस्कृतात ‘पालंक’, ‘पालंकी’, ‘पालंक्या’ अशी रूपं आहेत, आयुर्वेदाच्या संहितांमधल्या पालेभाज्यांत ती येतात. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात पालंकचा अर्थ ‘बीटा बेंगालेन्सिस’ असाच दिला आहे. तिथूनच प्राकृतातून पालक, पालख, पालंग अशी भारतभर रूपं पसरली. गंमत पुढे आहे. इ.स. ६४७ मध्ये नेपाळच्या राजाकडून चीनच्या तांग दरबारात एक पालेभाजी भेट गेल्याची चिनी नोंद आहे. चिनी लोकांनी तिला ‘बोलंग’ म्हटलं. बर्थोल्ड लाउफर यांनी ‘सिनो-इरानिका’ (१९१९) या ग्रंथात हे नाव आपल्या पालंकशी जोडलं. पण चीनमध्ये आज या नावाखाली जी भाजी खातात ती इराणी स्पिनॅच. म्हणजे पालंक हे नाव उत्तरेकडे गेलं ते दुसऱ्याच वनस्पतीच्या पाठीवर बसून. आपण बिटाला पालक म्हणतो, चिन्यांनी स्पिनॅचला पालंक म्हटलं, आणि इंग्रजीतून शिकलेले आपण आता दोघांना एकच समजतो. पालंक नावाच्या माणसाचा पत्ता इतक्या वेळा बदलला की पोस्टमनचाही नाइलाज व्हावा.

रक्ताचं नातं असूनही या दोघांत एक फरक आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. देशी पालक सोलापूरच्या उन्हात फुलतो, बी धरतो. शेतकरी घरचं बी ठेवू शकतो. बीट मात्र द्विवर्षायू. पहिल्या हंगामात गड्डा भरतो, मग कडाक्याची थंडी लागल्याशिवाय फुलावर येत नाही. दख्खनच्या सपाटीवर तेवढी थंडी पडत नाही, म्हणून बी डोंगराळ थंड मुलखातून किंवा परदेशातून आणावं लागतं. पाकिटांवरची नावंही तशीच: ‘डेट्रॉइट डार्क रेड’, ‘क्रिमसन ग्लोब’. निलगिरीत बी धरणारा ‘ऊटी-१’ हा वाण काढावा लागला तो याचसाठी. पालक शब्द आणि पालकाचं बी दोन्ही इथेच रुजले, बीट हा शब्द बाहेरून आला आणि त्याचं बी अजून मागवावं लागतं.

सोलापुरात बीट म्हटलं की दुसरा विषय निघतोच, साखरेचा. भवानी पेठेसारखीच इथे साखर पेठही आहे आणि जिल्हा तर साखर कारखान्यांचा. संस्कृत ‘शर्करा’चा पहिला अर्थ खडे, बारीक वाळू. उसाच्या रसाचे दाणे पाडायला लागल्यावर तो गोड झाला. मग प्राकृत ‘सक्कर’, मराठी ‘साखर’. (खडीसाखर म्हणताना आपण खडे-खडे असं दोनदा म्हणतो.) हाच शब्द फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, इटलीत ‘झुक्केरो’, फ्रान्समध्ये ‘स्यूक्र’ होत इंग्रजीत ‘शुगर’ झाला. बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफने १७४७ मध्ये बिटाच्या मुळातून तीच साखर वेगळी करून दाखवली. त्याचा शिष्य फ्रांझ आखार्ड याने शतक उलटताच सायलेशियातल्या कुनेर्न गावी बिटाचा पहिला साखर कारखाना काढला. समुद्रबंदीमुळे उसाची साखर मिळेना तेव्हा नेपोलियनने १८११ मध्ये हजारो हेक्टरांवर बीट लावण्याचं फर्मान काढलं. आज जगातल्या साखरेचा साधारण पाचवा हिस्सा बिटाचा असतो.

तर ‘शुगरबीट’ या जोडशब्दाचा पुढचा अर्धा भाग इथून गेलेला, युरोप फिरून इंग्रजी पोशाखात परत आलेला, आणि मागचा रोमन. सरकारी कागदांत त्याला ‘शर्कराकंद’ म्हणतात, शेतकरी मात्र शुगरबीटच म्हणतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्याच्या चाचण्या घेतल्या. आडसाली ऊस दीड वर्ष शेत अडवतो, शुगरबीट पाच-सहा महिन्यांत निघतं, त्यामुळे दुष्काळी तालुक्यांना त्याचं आकर्षण वाटणं साहजिक होतं. पण बीट चरकात घालून पिळता येत नाही. त्याच्या चकत्या करून गरम पाण्यातून गोडी काढावी लागते, म्हणजे यंत्रणाच निराळी. वर उसाचा बगॅस बॉयलर पेटवतो. बिटाचा चोथा ओला, फार तर गुरांना घालायचा. शब्द अर्धा घरचा असून पीक काही जिल्ह्यात घरचं झालं नाही ते यामुळे.

बिटाच्या रंगाबद्दल दोन शब्द, कारण हे गाव चादरींचं आणि रंगाऱ्यांचं. हात, चाकू, पाट आणि दही एका मिनिटात गुलाबी करणारं बीट सुताला मात्र धरत नाही. धुतलं की उतरतं, ऊन आणि आच लागली की विटतं. रंगाऱ्याच्या भाषेत कच्चा रंग. रसायनशास्त्राने या रंगाला बिटावरूनच ‘बीटानिन’ नाव दिलं आणि त्याच्या सगळ्या गोताला ‘बीटालेन’. गुलबास, बोगनवेल, लाल राजगिरा, मायाळूची जांभळी फळं यांचे रंग याच घरातले. एकोणिसाव्या शतकात बिटाच्या रसात सापडलेल्या एका पदार्थाला ‘बीटेन’ म्हटलं गेलं. शाम्पूच्या बाटलीवर मागे बारीक अक्षरात ‘कोकामिडोप्रोपिल बीटेन’ लिहिलेलं असतं. ते कारखान्यात नारळाच्या तेलापासून बनतं, पण नाव बिटाचंच. रोज डोक्यावरून हा शब्द वाहून जातो.

आता निवाडा. बीट हा शब्द परका, गड्डा परका, बी परकं. झाड मात्र परकं नाही, ते पालक या नावाने कितीतरी शतकं आपल्या ताटात आहे. लिहिताना ‘बिटाची’ लिहा, ‘बीटची’ नको. आणि गाडीवाला गड्डा देताना वरचा पाला मोडून टोपलीत टाकायला लागला तर त्याला थांबवा. लालसर शिरांचा तो पाला पालकाच्या सख्ख्या नात्यातला आहे. लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घालून त्याची भाजी पालकासारखीच होते, आणि बहुतेक ठिकाणी तो अजून फुकट मिळतो.